पऱ्हाटीतला जलजनक



मराठीच्या अध्यापकाने हायड्रोजनवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. निमित्त शब्दाचेच आहे. आपण ‘हायड्रोजन’ म्हणून मोकळे होतो. आपले कन्नड शेजारी त्याला ‘जलजनक’ म्हणतात. लव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये योजिलेल्या मूळ नावाचा अर्थही हाच. धारवाडात राहण्याचा हा एक लाभ!

आता हा जनक पाण्यातूनच, आणि तोही काडीकचऱ्याच्या साहाय्याने, परत मिळविण्याची विद्या पाहा. २००२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखरेसारखे वनस्पतिजन्य पदार्थ पाण्यात विरघळवून ते पाणी सुमारे २२५ ते २६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले. कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांपुढेही द्रवच राहते, हे गृहिणींना सांगावयास नको. येथे दाब त्याच्या कितीतरी पट. त्यात प्लॅटिनम हा उत्प्रेरक साखरेच्या रेणूतील कार्बनचे दुवे तोडतो. त्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड पाण्यातील प्राणवायू ओढून घेतो आणि पाण्याचा हायड्रोजन सुटा होतो. हिशेब पुरता जमला तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे बारा रेणू; त्यांतले सहा पाण्याचे! प्रत्यक्षात पदरी पुष्कळ कमी पडते. प्लॅटिनम महाग, म्हणून २००३ मध्ये त्यांनी कथिलमिश्रित निकेलही वापरून दाखविले.

आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. दासप्पा यांनी वाट निराळी धरली, ती प्राणवायू व तप्त वाफेची. एक किलो जैवभारात हायड्रोजन असतो ६० ग्रॅम. हाती येतो १०० ग्रॅम, असे संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले. वरचा भाग वाफेचा.

या काळ्या मातीत कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर जळतात, नाहीतर चुलीत जातात. त्यांना भाव आला तर कोणाला नको आहे? ड्युमेसिक यांच्या वाटेने जायचे तर लाकडाची आधी साखर करावी लागते आणि तेथेच घोडे अडते.

माझा जीव मात्र कडब्यापाशी अडतो. यंत्राला पऱ्हाटी आणि कडबा सारखेच, बैलाला नव्हे. पाऊस हुकलेल्या वर्षी कारखान्याने चढा भाव दिला, तर अडलेला शेतकरी कडबा विकील, आणि मागोमाग जनावरही. म्हणून असे कारखाने निघतील तेव्हा खरेदीच्या यादीत पऱ्हाटी असावी, कडबा नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रसायनाविषयीच्या शंका मला विचारू नका. विज्ञान शाखेचे आमचे सहकारी पुढच्याच रांगेत बसले आहेत.