माझ्या आडनावातला अर्धा र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘संगणक आणि गृहिणी’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, “अहो, त्या संगणकाचे नि माझे भांडण आहे.” त्या हसून म्हणाल्या, “मग भांडणच सांगा.” म्हणून आज तेच सांगते.

भांडण अगदी एवढ्याशा गोष्टीवरून आहे. माझे आडनाव वऱ्हाडपांडे. त्यात एक अर्धा र आहे, डोळ्याच्या पापणीसारखा. रफार कसा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. हा बिचारा ओळीतच शेजाऱ्याला बिलगून उभा असतो. पण त्याचे महत्त्व केवढे पाहा! ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर झारा घेऊन स्वयंपाकी येतील. मंगलकार्यात दोघेही लागतात, पण अदलाबदल झाली तर पाहुण्यांची धडगत नाही!

संगणकावरच्या जुन्या अक्षरसंचांत पुष्कळदा ही पापणी नसे. असली तरी टंकणाऱ्याला सापडत नसे. मग तिथे आडवी रेघ मारून वेळ निभावून नेत: ‘व-हाडपांडे’. माणूस ते समजून वाचतो. संगणकाला मात्र वाटते, रेघेच्या अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरे. एका कचेरीच्या खिडकीतून एकदा पुकारा झाला, “हाडपांडेबाई!” मी इकडेतिकडे पाहिले. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तेव्हा उमजले की त्या मीच. अमरावती, अकोल्यापासून बुलढाण्यापर्यंतचे सगळे वऱ्हाड वाहून गेले आणि माझ्या वाट्याला नुसते हाड उरले!

इथवर हसण्यावारी गेले. पण पुढच्या नोव्हेंबरात सासूबाईंचा हयातीचा दाखला द्यायचा होता. मामंजींच्या मागे त्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. तर बँकेच्या पुस्तकात एक नाव, निवृत्तिवेतनाच्या कागदात दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरे. कुठे पापणी, कुठे रेघ, कुठे ‘वर्हाडपांडे’ असा रफार. संगणक म्हणाला, ह्या तीन निरनिराळ्या बाया आहेत. वेतन थांबले. ऐंशी वर्षांच्या सासूबाई माझ्या शेजारी काठी टेकून उभ्या, आणि यंत्राच्या लेखी त्या हयातच नव्हत्या!

खिडकीतल्या गृहस्थांनी तोडगा सुचवला, “आजी, आडनाव साधे करून घ्या. राजपत्रात नाव बदलता येते.” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, तेव्हा माझे पहिले नाव गेले. वडिलांचे गेले, माहेरचे आडनाव गेले. मला कोणी विचारले नाही. त्या बदल्यात जे मिळाले ते साठ वर्षे वागवले. आता ते या पेटीच्या सोयीसाठी बदलू?” त्यावर ना त्या गृहस्थांना उत्तर सुचले, ना मला.

घरी आल्यावर मी नातवाला धरले आणि या पेटीचे पोट समजावून घेतले. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड नावाचे एक जगभरचे कोष्टक आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला आहे. साधा र २३५२, आणि आपल्या पापणीसाठी वापरायचा, खाली टिंब असलेला ऱ २३५३. त्याला पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे २३८१, जोडले की पापणी उमटते. पण साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि शिवाय ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह घातले तरी पापणी दिसते तशीच! डोळ्यांना दोन्ही नावे एक, संगणकाला दोन. एकाच तिखटाच्या दोन डब्यांवर वेगळ्या चिठ्ठ्या असाव्यात तसे. त्यात एखादी आज्ञावली ‘हे काही दिसत नाही’ म्हणून ते अदृश्य चिन्ह गाळून टाकते, आणि रफार पुन्हा डोक्यावर चढतो.

भगिनींनो, हे दुखणे एकट्या मराठीचे नाही. आयर्लंडकडच्या ओब्रायन मंडळींच्या नावात इंग्रजीत वर एक स्वल्पविराम असतो. काही संगणक तिथेच नाव संपले असे समजतात. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २००७ साली तर एक गंमतच केली. त्याच्या चित्रातल्या आईने मुलाच्या नावातच असे एक चिन्ह आणि पुढे ‘विद्यार्थ्यांची यादी पुसून टाक’ ही संगणकी भाषेतली आज्ञा गुंफली. शाळेने नाव भरले आणि यादी पुसली गेली! शाळेने तक्रार केली, तेव्हा ती आई उलट शाळेलाच सुनावते की आत घ्यायचे ते आधी निवडून, पाखडून घ्यावे. तांदूळ निवडणाऱ्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये.

ते झाले चित्र. हवाई बेटांतल्या एका बाईंची गोष्ट मात्र खरी. पतीकडून आलेले त्यांचे आडनाव ३५ अक्षरांचे. गाडी चालवण्याच्या परवान्यावर ते मावेना, म्हणून त्यांचे पहिले नावच गाळले आणि आडनावाचे शेवटचे अक्षरही कापले. एका पोलिसाने सुचवले, माहेरचे नाव लावा. बाईंनी ऐकले नाही, गाऱ्हाणे चव्हाट्यावर मांडले, आणि २०१३ साली तिथल्या सरकारने आडनावाची जागा ४० अक्षरांची केली. नाव कापले नाही, रकाना वाढवला!

आमचा रकानाही अखेर सुधारला. कचेरीतल्या एका तरुण मुलीने तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने नाव भरवून घेतले. तिनेच मला दाखवले, की इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ आपल्या नेहमीच्या र च्याच कळीवर आहे. फक्त शिफ्ट दाबून ठेवायचे. एवढ्यासाठी आम्ही चार महिने खेटे घातले.

तेव्हा माझे सांगणे इतकेच. मुलाबाळांचे नाव कुठेही घालताना पावतीवरचे अक्षर न् अक्षर तिथेच वाचा. चुकले तर संकोच न करता परत करा. गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर, बऱ्हाटे या भगिनींनी तर चष्मा विसरूच नये.

थकलेले पैसे जमा झाले त्या दिवशी मी सासूबाईंना पुस्तक दाखवले. त्यांनी रकमेकडे पाहिलेच नाही. भिंग मागून घेतले, नावावर धरले, आणि म्हणाल्या, “आहे गं, पापणी आहे.”