शंका आणि साधना

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात परभणी येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारापूर्वी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली व ती आम्ही शिरोधार्य मानली. ज्या मुलामुलींनी परीक्षांत यश मिळविले त्यांचे कौतुक थोड्याच वेळात होईल, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या गुणांची गुणपत्रिका निघत नाही, अशाही काही मुलांची आठवण आज आम्हांस होत आहे. गाणारी, नाचणारी, नाटकात काम करणारी, कीर्तनाला उभी राहू इच्छिणारी ही मुले होत. त्यांच्याविषयी बोलण्याची परवानगी असावी.

आपल्या परभणीविषयी दोन म्हणी आपणां सर्वांच्या तोंडी आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही एक, आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिली आपण छाती पुढे काढून म्हणतो. दुसरी हसत हसत म्हणतो. गंमत अशी की, दोन्ही म्हणी म्हणणारा मनुष्य एकच असतो. पाहुण्यांसमोर जर्मनीची बरोबरी करणारे आपण, घरातील मुलाने काही मोठे योजले की, ‘अरे, आपण परभणीची माणसे, आपल्याला हे कसे झेपणार?’ असे सहज म्हणून जातो. निघण्यापूर्वीच परतीची वाट दाखवून देण्याची ही आपली रीत आहे. शंका मुलाच्या मनात उपजतच असते. तिला खतपाणी घालण्याचे काम मात्र आपण वडीलधारी मंडळी करतो.

हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी म्हणत नाही. गतवर्षीच्या संमेलनात, याच व्यासपीठावर, आपल्यापैकीच एका घरातील मुलगी गावयास बसली होती. आरंभ चांगला झाला. पुढे अंतऱ्यावर येताच तिचे शब्द विसरले, स्वर कापू लागला, आणि ती मध्येच उठून आत निघून गेली. सभागृहात हशा पिकला. आम्हीही पुढच्या रांगेत होतो, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. कोणी एकाने ते सारे मोबाईलवर टिपले होते; रात्रीपर्यंत ते ज्ञातीच्या समूहावर फिरले व आपण पुन्हा एकवार हसलो. त्यानंतर त्या मुलीने गाणे सोडले, असे आमच्या कानी आले. आमच्या आजच्या बोलण्याचे मूळ तेथे आहे. त्या हशाचे ऋण आमच्यावर आहे, आणि ते फेडावे म्हणून आम्ही उभे आहोत.

प्रथम हे समजून घ्यावे की, त्या मुलीस जे झाले तो तिच्या गुणांचा दोष नव्हे. अनेक डोळे आपल्यावर रोखलेले आहेत असे दिसताच मनुष्याचे शरीर संकटाशी झुंजण्याची तयारी करू लागते. हृदयाची धडधड वाढते, तोंडास कोरड पडते, हात थरथरतात, श्वास आखूड होतो. गाणाऱ्याचे सारे भांडवल श्वासावर आणि ओल्या कंठावर अवलंबून असते; नेमके तेच अशा वेळी दगा देते. मोठमोठ्या कलावंतांसही हा अनुभव येतो. थोर कलावंतास भीती वाटत नाही, ही आपली समजूत चुकीची आहे. भीती त्यालाही वाटते. परंतु ती वाटत असताना काय करावयाचे, हे त्याने पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडलेले असते.

आता कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे. पण पोटापाण्याचे काय? आज आपल्या बहुतेक घरांत मूल दहावी झाले की त्यास लातूरला किंवा नांदेडला शिकवणीस धाडावे आणि डॉक्टर करावे, हीच इच्छा असते. ही इच्छा वाईट नाही. म्हणूनच आम्ही आज आपणांसमोर एका डॉक्टरांचेच उदाहरण ठेवतो.

डॉ. श्रीराम लागू यांचे नाव न ऐकलेले घर महाराष्ट्रात विरळा. त्यांचा जन्म 1927 साली सातारा येथे झाला. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असता ते नाटकाकडे ओढले गेले. पुढे ते कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद झाले, पुण्यात त्यांनी व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथे जाऊन आले, आणि आफ्रिकेतील टांझानियात टाबोरा या गावीही काही काळ वैद्यकी केली. या साऱ्या काळात, स्वदेशी असतील तेव्हा, नाटकाची तालीम त्यांनी सोडली नाही. भालबा केळकर प्रभृती मित्रांसह पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही हौशी नाट्यसंस्था त्यांनी चालविली. मुंबईच्या ‘रंगायन’मध्येही कामे केली. अखेर 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी बाजूस ठेवली आणि वसंत कानेटकर यांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाद्वारे व्यावसायिक रंगभूमीवर पूर्ण वेळ पाऊल टाकले. पुढच्याच वर्षी, 1970 च्या डिसेंबरात, कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांची भूमिका त्यांनी उभी केली. ती भूमिका किती अवघड, हे ज्यांनी ते नाटक पाहिले त्यांस सांगावयास नको. त्रेचाळीस वर्षांच्या नटाने थकलेला, घराबाहेर पडलेला, स्वतःशीच झगडणारा वृद्ध साकारावयाचा, आणि लांबलचक स्वगते एकट्याच्या बळावर पेलावयाची, असे ते काम होते. डॉ. लागू 2019 साली निवर्तले. मराठी माणसाच्या मनात बेलवलकरांचा चेहरा मात्र आजही बहुतांशी त्यांचाच आहे.

या चरित्रातून ‘नोकरीधंदा सोडून द्या आणि उडी घ्या’ असा बोध काढला जातो. आम्हांस तो बोध अपुरा वाटतो. 1969 सालच्या त्या एका निर्णयामागे जवळजवळ वीस वर्षांच्या हौशी तालमी होत्या. दिवसभर रुग्ण तपासून संध्याकाळी तालमीस जाणारा मनुष्य आपल्या शंकेची रोज परीक्षा घेत असतो. ‘मला हे जमेल काय?’ हा प्रश्न त्याने विचार करून सोडविला नाही. काम करून सोडविला. ज्यास उडी म्हणतात, ती वस्तुतः एका लांब जिन्याची शेवटची पायरी होती. मुलाला जिना चढू द्यावयाचा नाही, आणि मग त्यास उडी घेण्याचे धैर्य नाही म्हणून नावे ठेवावयाची, हा न्याय नव्हे.

शंकेचा दुसरा एक प्रकार आहे व तो अधिक दारुण आहे. एकदा कमावलेले गमावल्यावर येणारी ती शंका होय. कुमार गंधर्व यांचा जन्म 1924 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. बालवयातच त्यांच्या गाण्याने मैफली थक्क झाल्या, मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकले. आणि ऐन उमेदीत, पंचविशीही गाठण्यापूर्वी, त्यांस क्षयाने गाठले. 1948 साली हवापालटासाठी ते माळव्यात देवास येथे गेले. गाणे तर दूरच, बोलणेही बेताचे, अशी वर्षे अंथरुणावर गेली. पत्नी भानुमती यांनी शुश्रूषा केली; त्याच सुमारास क्षयावर नवी औषधे निघाली आणि ते वाचले. परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. गवयाचे फुप्फुस गेल्यावर उरते काय? 1950 नंतरच्या त्या दशकात ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा पूर्वीचे गाणे परत आणण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. उरलेल्या श्वासात बसतील अशा छोट्या, तीक्ष्ण, अर्थपूर्ण स्वरवाक्यांची गायकी त्यांनी घडविली. आजारात खिडकीबाहेरून कानी पडलेली माळव्याची लोकगीते त्यांनी अभ्यासिली आणि त्यांतून नवे राग उभे केले. आपल्याजवळ काय नाही याची मोजदाद करीत बसण्यापेक्षा, जे आहे त्यातून काय उभे राहील याचा शोध त्यांनी घेतला.

हाच विचार आपल्या मराठवाड्यास लागू पडतो. आपली मुले पुण्यामुंबईच्या स्पर्धेस गेली की त्यांस पहिली लाज वाटते ती बोलीची. आपला हेल, आपले शब्द ऐकून कोणी हसेल काय, या धास्तीने ती तोंड मिटून बसतात. ज्या जिल्ह्यात गंगाखेड आहे त्या जिल्ह्याने तरी बोलीची लाज बाळगू नये. गोदाकाठच्या त्या गावची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी. ना तिला कुळाचा आधार, ना शाळेचा. तरी जात्याभोवतीचे, शेणगोठ्याचे, रोजच्या कष्टाचे शब्द तिने देवाशी बोलावयास वापरले, आणि आपल्या रचनेत स्वतःची नाममुद्रा ठेवली. ‘मी दासी, मी काय रचणार?’ अशी शंका तिला आली नसेल असे नाही; परंतु दासीपण लपविण्याऐवजी तिने तेच आपल्या नाममुद्रेत घातले. गोंधळमहर्षी म्हणून गौरविले गेलेले परभणीचे राजाराम कदम यांनीही अंगणातील कुलाचार समजला जाणारा गोंधळ थोर कला म्हणून रसिकांसमोर मांडला. आणि अलीकडे, परभणीत वाढलेले संकर्षण कऱ्हाडे हे नट व लेखक म्हणून नाव मिळविल्यावरही गावाचे नाव अभिमानाने घेतात. तेव्हा वाट नाही असे नाही. वाटेवर पावले उमटलेली आहेत.

आता मुलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आकाशवाणीची रीत पाहा. तेथे गाणाऱ्यावाजविणाऱ्याची चाचणी घेऊन त्यास श्रेणी देतात. पहिल्याच चाचणीत जो उतरत नाही त्यास ठराविक मुदतीनंतर पुन्हा येता येते, आणि ‘बी’ श्रेणी मिळालेला कलावंत पुढे वरच्या श्रेणीसाठी पुन्हा चाचणी देऊ शकतो. म्हणजे नापास होणे हा तेथे निकाल नसून तारीख आहे. हीच दृष्टी मुलांनी स्वतःकडे पाहताना ठेवावी. दुसरी गोष्ट, पहिला प्रयोग मोठ्या सभागृहात करू नये. आधी घरातील चौघांसमोर, मग गल्लीतील दहाजणांसमोर, मग देवळातील पन्नासांसमोर गावे. आरंभीच्या ओळी इतक्या घोटाव्यात की भीतीने मन रिकामे झाले तरी कंठ त्या आपोआप म्हणेल. बसल्यावर लगेच सुरुवात न करता तानपुऱ्याचा स्वर ऐकत सावकाश श्वास सोडावा. आणि विसर पडलाच तर थांबावे, हसावे, पुन्हा मुखड्यावर यावे. उठून जाऊ नये. जुने लोक पहाटे उठून खर्ज लावीत, ते केवळ आवाजासाठी नव्हे. रोज ठरल्या वेळी बसणारास ‘आज जमेल काय’ असा प्रश्न पडावयास सवड राहत नाही, हाही त्यात लाभ आहे.

वडीलधाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. प्रत्येक मुलाने नटसम्राट व्हावे असे आमचे म्हणणे नाही. सर्वांस यश येणार नाही, आणि कलेवर घर चालविणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच शिक्षण सोडू नये, असेच आम्ही सांगू. परंतु रोज एक तास आणि दाराला कडी असलेली एक खोली एवढे जरी आपण दिले, तरी मूल स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ शकेल. ते पुढे गेले तर आनंदच. न गेले तर निदान ‘मला करू दिले असते तर’ ही सल आयुष्यभर बाळगणार नाही. ती सल काय असते, हे आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या अनेकांस ठाऊक आहे, आणि आम्हीही त्यांपैकीच आहोत.

मंडळासमोर आम्ही दोन नम्र सूचना मांडतो. मंडळाच्या वास्तूतील एक खोली रोज सायंकाळी दोन तास रियाजासाठी मोकळी ठेवावी; पेटी व तबला यांचा खर्च आम्ही व काही मित्र मिळून उचलू. आणि महिन्यातून एकदा, वीसपंचवीस श्रोत्यांची छोटी बैठक तेथे भरवावी. तेथे चुकण्यास मुभा असावी आणि मोबाईल बाहेर ठेवावेत.

अखेरीस त्या मुलीस दोन शब्द. बाळ, तू आज या सभागृहात आहेस की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. असलीस तरी तुझे नाव आम्ही घेणार नाही. गतवर्षी आम्ही हसलो, ते चुकले. तुझा आरंभ फार चांगला होता, हे त्या दिवशी सांगावयास हवे होते. ते आज सांगतो. तुझ्या गाण्याचा अंतरा राहिला आहे. तो कधी म्हणावयाचा, हे तुझे तू ठरव. ऐकण्यासाठी आम्ही पुढच्याच रांगेत बसू. आणि पुन्हा चुकलीस, तरी ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीचा अर्थ आजपासून आपण बदलून घेऊ. नाहीच जमले, तर पुन्हा रियाज करावयास आपली परभणी आहे.