अण्णांची येझदी
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



मला फोन आला तेव्हा संयोजक म्हणाला, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, ते सगळे मोबाईलवर रोजच ऐकतात. मी एका बंद पडलेल्या गाडीवर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग त्यानेच विचारलं, "अण्णांच्या का?" तेव्हा मला वाटलं, विषय बरोबर निघाला.

खेड्यांवरून शाळेत येणाऱ्यांना ती गाडी आठवत असेल. माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात होते. रात्री अकरा वाजता कुणीतरी दारात उभं राहायचं, "म्हैस अडलीय, चला." अण्णा शर्टाची बटणं लावत बाहेर पडायचे आणि दोन मिनिटांत अख्खी गल्ली जागी व्हायची. काळी येझदी २५०. दोन सायलेन्सर. पुढचं मडगार्ड त्यांनी काढूनच टाकलं होतं, कारण पावसाळ्यात आपल्या रानातली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसायची की गाडी जागेवर रुतायची. सीटखाली चिखल खरवडायला बाभळीची एक काडी कायम खोचलेली. त्यामुळे चिखलातून आल्यावर अण्णांचा चेहरा ओळखू यायचा नाही, पण गाडी यायची.

माझी मुलगी पुण्यात वाढली. तिने ती गाडी पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, "आई, ही तर डर्ट बाईक आहे!" मी हसले, पण ती फार चुकीचं बोलली नव्हती. या गाडीचं मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या जावामध्ये. तिथल्याच चेझेड या कंपनीच्या दुचाकींनी १९६० च्या दशकात चिखलातल्या शर्यती, म्हणजे मोटोक्रॉस, गाजवल्या. १९६४ साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने २५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद चेझेडवरच मिळवलं. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा तयार होऊ लागल्या आणि पुढे त्यांचं नाव येझदी झालं. तो कारखाना बंद पडला १९९६ साली. आपण दहावी झालो त्याच वर्षी! नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आलं, पण ती टू-स्ट्रोकची फटफट त्यांत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कुणीच विसरणार नाही. गणपती विसर्जन करून झोपलो होतो आणि चारच्या सुमारास जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारीच्या बातम्या येऊ लागल्या आणि अण्णा येझदीला औषधांची पेटी बांधून निघाले. माणसांकडे पाहणारे पुष्कळ होते, पण ढिगाऱ्याखालून निघालेल्या जनावरांकडे पाहायलाही कुणीतरी हवंच होतं. आठ दिवसांनी परत आले. काही बोलले नाहीत. फक्त गाडी धुतली. मी बादली धरून उभी होते.

माझं काम नेहमी तेच. दुरुस्तीच्या वेळी पाना भाऊच्या हातात आणि बॅटरी माझ्या. त्याचा मला राग यायचा. पण आता कळतं, बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. कुठला नट आधी सुटतो, कुठला वॉशर कोणत्या बाजूने बसतो. १९९८ ला नांदेडला इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा माझी ट्रंक याच गाडीवर मागे बांधून अण्णांनी मला लातूरच्या स्टँडवर सोडलं. त्यानंतर मी पाहुणी झाले.

२००४ साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. येझदी कडब्याच्या खोलीत गेली, तिच्यावर पोती पडली, आणि वीस वर्षं तशीच राहिली.

२०२४ च्या दिवाळीत भाऊने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. खोली रिकामी करायची होती. गाडीला एक गिऱ्हाईकही आलं होतं, पुण्यातला जुन्या गाड्यांचा शौकीन. भाऊचं चूक नव्हतं. अण्णांचा रोजचा खर्च, औषधं, रात्री उठणं, सगळं तोच करतो. मी पैसे पाठवते, तो कष्ट करतो. त्याने अण्णांना विचारलं, "देऊन टाकू का?" अण्णांनी मान फिरवली. त्याला हो म्हणायचं की नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. मी म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. चालू झाली तर बघू, नाही तर दे."

आता थोडं यंत्राचं सांगते, कारण इथे बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी गाडी पडून असेल. पहिली गोष्ट, लगेच किक मारू नका. वीस वर्षांत पिस्टन सिलिंडरला धरून बसतो आणि जोर केला तर रिंगा तुटतात. मी प्लग काढला, आत डिझेल आणि ऑइल मिसळून चार चमचे सोडलं आणि तशीच राहू दिली. रोज संध्याकाळी वरचा गिअर टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करायचं, बस. चौथ्या दिवशी चाक बोटभर फिरलं. आई ओट्यावरून ओरडली, "काय करायलीस गं, सणासुदीचे हात काळे करून!"

मग टाकी. आतल्या पेट्रोलचा चिकट रॉकेलसारखा वासाचा डिंक झाला होता. लिंबूसत्वाचं पाणी आणि मूठभर नट आत टाकून टाकी तासभर हलवली, गंज निघाला, सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. कार्ब्युरेटरचं जेट बुजलं होतं. ते वायरच्या एका बारीक तांब्याच्या तारेने साफ केलं. जाड तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग गाडी जास्तच पेट्रोल पिते. पॉइंटवर मळ चढला होता, तो काढून फिलर गेजने ०.४ मिलिमीटरची फट ठेवली. कंडेन्सर नवा घातला. सहा व्होल्टची बॅटरी शोधायला पुण्यात नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच ऑइल, लिटरला ४० मिली.

बाराव्या दिवशी मी अण्णांची खाट अंगणात आणली. येझदीचा गिअरचा दांडा हाच किकचा दांडा. आत दाबून वर फिरवायचा आणि मारायची. नवव्या किकला गाडी सुरू झाली. आणि लगेच आपोआप रेस होऊ लागली. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला, तरी आवाज चढतच चालला. पांढरा धूर इतका की शेजारचे धावत आले. मी घाबरून चावी बंद केली.

त्यानंतर मी जे केलं ते आज सरांसमोर कबूल करते. संध्याकाळभर मी कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू फिरवला, आयडलचा फिरवला, सुईची पट्टी बदलली, सगळं एकदम. रात्रीपर्यंत गाडी आणखी बिघडली आणि मूळ कुठे होतं ते मलाही सांगता येईना. वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी बाई, आणि स्वतःच्या अंगणात मी अशी वागले. घाई झाली होती. तेराव्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं.

अण्णा खाटेवरून डावा तळहात तोंडासमोर धरून फुंकत होते. फू, फू. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी शाल आणली. त्यांनी ती ढकलून दिली आणि पुन्हा फू केलं. मला वाटलं, कार्ब्युरेटर फुंकून साफ कर म्हणतायत. तेही केलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. मी रडकुंडीला आले होते.

रात्री झोप लागेना आणि मला आठवीचा विज्ञानाचा तास आठवला. टेबलावर सेल, तारा, बल्ब आणि बल्ब लागत नाही. आपण सगळे एकदम ओरडायचो, सेल गेला, बल्ब गेला! आणि सर शांतपणे म्हणायचे, "एका वेळी एकच बदला. मग तुम्हाला कळेल काय बदललं." सर, तुम्ही समोर बसला आहात, तुम्हाला हे आठवतं की नाही माहीत नाही. मला मात्र रात्री दोन वाजता आठवलं.

सकाळी सगळे स्क्रू मूळ जागी आणले आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. आपोआप रेस होते. पांढरा धूर थांबत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पेटीत येते. ती पेटी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. ते वीस वर्षांत वाळून कडक झाले, तर डायनामोच्या बाजूने फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन वेडं होतं. क्लचच्या बाजूने गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि जळतं, तोच पांढरा धूर. दोन लक्षणं, दोन सील. म्हणजे अण्णा काय सांगत होते? हवा! हवा घेतेय! खाटेवर पडून, फक्त कानाने, त्यांनी एका क्षणात ओळखलं होतं.

मी धावत त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "अण्णा, सील?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते एखाद्या शेतकऱ्याकडे पाहायचे, ज्याने आजारी जनावर चार दिवस उशिरा दाखवलंय.

डायनामो काढायला पुलर लागतो. पिंपळफाट्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे तो निघाला. त्यांनी अण्णांची चौकशी केली, पुलर दिला आणि एवढंच म्हणाले, "परत आणून द्या ताई, आता मिळत नाही." आधी फक्त डायनामोच्या बाजूचं सील बदललं. गाडी सुरू केली. रेस व्हायची थांबली, धूर मात्र तसाच. मग दुसरी बाजू उघडली. त्या वेळी भाऊ न बोलता येऊन बसला, बॅटरी हातात घेतली आणि मला उजेड दाखवू लागला. आम्हा दोघांनाही ते लक्षात आलं. कुणी काही म्हटलं नाही.

गिऱ्हाईकाला फोन त्यानेच केला.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली आणि शांत फटफटत राहिली. धूर विरळ झाला. मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल, काहीतरी होईल. त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. मी गाडी बंद केली, तेव्हा त्यांनी डावा हात उचलला आणि दोन बोटं आडवी फिरवली. पेट्रोलचा कॉक बंद कर. मी विसरले होते. वीस वर्षांनी त्यांनी मला सांगितलेली ती पहिली गोष्ट, जी मला पहिल्याच वेळी समजली.

गाडी अजून रस्त्यावर नेलेली नाही, कागदपत्रांचं नूतनीकरण व्हायचंय. आमच्याच रानातल्या वाटेवर फिरवते. मडगार्ड लावलेलं नाही. बाभळीची काडी सीटखालीच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल. गाडी असेल, नाहीतर एखाद्या माणसाशी बोलणं असेल. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच वर्षांपूर्वी भांडलेले दोघे आज पहिल्या आणि शेवटच्या रांगेत बसलेत, ते मला इथून दिसतायत. त्यांना एवढंच सांगते, एकदम किक मारू नका. थोडं तेल सोडा, चार दिवस थांबा, चाक हलकेच हलवून बघा. आणि समोरचा फू करत असेल, तर लगेच शाल आणू नका. तो काय सांगतोय ते आधी ऐका.

सर, एका वेळी एकच. तुमचे आभार. आणि ज्यांना येझदीचा आवाज ऐकायचाय, त्यांनी उद्या सकाळी आमच्या घरी चहाला या. अण्णा अंगणातच असतात.