गिअरबॉक्स गेला, गाडी राहिली



टेस्लाची पहिली गाडी, रोडस्टर, २००८ साली ग्राहकांच्या हाती पडली. तिला दोन गिअर द्यायचं ठरलं होतं. पण विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते आणि तो झटका गिअरबॉक्सला सोसवेना. तारखा पुढे गेल्या, तरी जमेना. शेवटी कॅलिफोर्नियातल्या त्या नवख्या मंडळींनी दुसरा गिअरच काढून टाकला. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स सुधारून एकाच गिअरवर त्यांनी ताशी ६० मैलांचा वेग सुमारे चार सेकंदांत गाठला. डोक्यात जुनी चाकोरी नसण्याचा हा फायदा खरा आहे आणि वाहन उद्योगाने तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

मात्र त्याच रोडस्टरचा सांगाडा लोटसचा होता. इंग्लंडमधल्या हेथेलच्या कारखान्यात गाडीची बांधणी होई, मोटर आणि बॅटरी नंतर बसत. वळणावर गाडी जमीन कशी धरून ठेवते, हे लोटसने शर्यतींच्या मैदानात अनेक दशकं घासून शिकलेलं होतं. टेस्लाने ते शहाणपण विकत घेतलं. आणि टेस्लाने सोडून दिलेले दोन गिअर? पोर्शेने २०१९ मध्ये टायकानच्या मागच्या ॲक्सलला ते बसवून दाखवले.

ब्रेकची गोष्ट जास्त बोलकी आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्लाच्या मॉडेल ३ची चाचणी घेतली. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. काही दिवसांतच कंपनीने इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. इतक्या झटपट दुरुस्तीचं जगाला नवल वाटलं, ते योग्यच. पण ही उणीव गाडी विकण्याआधी टेस्ट ट्रॅकवर सापडायला हवी होती. ओल्या रस्त्यावर, उतारावर, तापलेल्या डिस्कवर हजारदा ब्रेक दाबून पाहण्याचा कंटाळवाणा शिरस्ता म्हणजेच अनुभव.

मग शाओमीचं काय? २०२१ मध्ये मोटारीची घोषणा करणाऱ्या या फोन कंपनीच्या एसयू७ अल्ट्राने २०२५ मध्ये न्यूरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ४.९६ सेकंदांत मारली. टायकान टर्बो जीटीची त्याआधीची वेळ ७ मिनिटं ७.५५ सेकंद होती. कंपनी नवी असली, तरी तिच्यातली बरीच माणसं जुन्या मोटार कंपन्यांत घडलेली आहेत. अनुभव कंपनीच्या स्थापनेच्या सालात नसतो, तो माणसांबरोबर नोकरी बदलतो. उलट दिशेनेही हेच घडतं: सॉफ्टवेअरमध्ये अडखळलेल्या फोक्सवॅगनने २०२४ मध्ये रिव्हियन या विजेच्या गाड्यांच्या नवख्या कंपनीशी ५.८ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. रिव्हियनची पहिली गाडी ग्राहकाला मिळाली होती २०२१ मध्ये!

आपल्याकडे महिंद्राने दोन्ही वाटा धरल्या: बाहेरचं तंत्रज्ञान घेणं आणि स्वतः गाडी बनवणं. तिच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाची १,९०० अश्वशक्तीची बॅटिस्टा धावते ती क्रोएशियातल्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या रिमात्सच्या तंत्रज्ञानावर. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या तिच्या विजेच्या गाड्या मात्र चाकणला तयार होतात.

चाकण, भोसरी, पिंपरीच्या गिअर कारागिरांना आपलं काम संपलं असं वाटत असेल, तर त्यांना एक तांत्रिक वस्तुस्थिती सांगायला हवी. विजेच्या गाडीतही रिडक्शन गिअर असतोच. तो फार वेगाने फिरतो आणि इंजिनाचा आवाज नसल्याने त्याचं बारीक किणकिणणं थेट प्रवाशाच्या कानी पडतं. म्हणून दात्यांचं फिनिशिंग पूर्वीपेक्षा काटेकोर लागतं. हे काम इथल्या हातांना जमेल. त्यासाठी लागणारी मोजमापाची यंत्रं लहान कारखान्यांना एकेकट्याने परवडत नाहीत. ती सामायिक प्रयोगशाळेत उपलब्ध व्हावीत, असा ठराव अभियंत्यांच्या आणि कारागिरांच्या या अधिवेशनात मांडला जावा आणि जुन्या फोरमननाच तिथे शिकवायला बोलवावं.