आपल्या पाठीचा कणा

श्रोतेहो, आपण या वेळीं खुर्चीला अगर लोडाला टेकून बसलां असाल. जरा हात मागें नेऊन मानेपासून कमरेपर्यंत पाठ चांचपून पाहा. बोटांना जे उंचवटे लागतात ते मणक्यांचे. मानेचे ७, बरगड्या धारण करणारे १२ आणि कमरेचे ५ अशी त्यांची वांटणी आहे. मानेचे मणके सात, हा नेम तर उंदरापासून जिराफापर्यंत चालतो. स्लॉथ व मॅनटी यांसारखे अपवाद अगदीं थोडे. ही वांटणी आली कोठून, तें आज पाहावयाचें आहे.

याविषयीं एक सोपी गोष्ट पुष्कळांनीं ऐकलेली असते. सरडा चालतांना डावीउजवीकडे वळवळतो. चित्ता धांवतांना पाठीची कमान खालींवर करतो. तेव्हां आपल्या पूर्वजांचा कणा आधीं सरड्यासारखा होता आणि पुढें तो चित्त्यासारखा झाला! गोष्ट सुटसुटीत आहे, पण ती खरी ठरत नाहीं.

सरड्यांचा वंश आणि आपला वंश ३० कोटि वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं विभक्त झाले. सरडा आपला आजोबा नव्हे. तो दूरचा चुलतभाऊ. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं डिमेट्रोडॉन नांवाच्या प्राण्याचे सांगाडे सांपडतात. त्याच्या मणक्यांचे कांटे कधीं कधीं मीटरभराहून उंच वाढून पाठीवर शीड उभारल्यासारखें दिसे. चित्रकार त्याला डायनोसॉरांच्या मेळ्यांत बसवितात. वस्तुतः सुमारे २८ कोटि वर्षांपूर्वींचा हा प्राणी आपल्या घराण्यांतला आहे.

२०१८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील कॅट्रिना जोन्स, स्टेफनी पिअर्स व त्यांचे सहकारी यांनीं या घराण्यांतील जीवाश्मांचे मणके एकामागून एक तपासले. प्राचीन कण्यांतही विभाग होते, पण थोडे. सुमारे २७ कोटि वर्षांपूर्वीं पुढच्या पायांची ठेवण बदलूं लागली, तेव्हां खांद्याजवळ नवा विभाग निर्माण झाला. कटीजवळचा विभाग सर्वांच्या मागाहून आला. दक्षिण आफ्रिकेंतील थ्रिनॅक्सोडॉन हा सुमारे २५ कोटि वर्षांपूर्वींचा, जेमतेम मांजराएवढा प्राणी. त्याच्या मानेंत सातच मणके आहेत, आणि छातीच्या बरगड्या कमरेकडील आखूड बरगड्यांहून सहज वेगळ्या ओळखतां येतात.

पुढें २०२१ सालीं याच संशोधकांनीं हयात सरडे, सस्तन प्राणी व जीवाश्म यांची तुलना केली. आपल्या पूर्वजांचा कणा ना सरड्यासारखा, ना आजच्या सस्तनांसारखा. त्याची घडण स्वतंत्रच होती, असें त्यांना आढळलें.

मग कणा असा तुकड्यातुकड्यानें बदलतो कसा? याचें उत्तर गर्भांत मिळतें. गर्भाच्या पाठींत, भावी मज्जारज्जूच्या दोहों बाजूंस, ठोकळ्यांच्या जोड्या क्रमानें तयार होतात. एका ठोकळ्याचा मागचा अर्धा आणि त्याच्या पाठच्या ठोकळ्याचा पुढचा अर्धा मिळून एक मणका होतो. सारे मणके याच रीतीनें घडतात. परंतु मानेचा कोणता व कमरेचा कोणता, हें ‘हॉक्स’ नांवाचीं जनुकें ठरवितात. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांतील यांपैकीं एक गट निकामी करण्यांत आला, तेव्हां त्यांच्या कमरेच्या मणक्यांवरही बरगड्या उगवल्या! घडविण्याची रीत तीच. हुकूम तेवढा बदलला. म्हणूनच खांदा आधीं व कंबर मागाहून, असें स्थित्यंतर शक्य झालें.

श्रोतेहो, प्राचीन प्राण्यांना आपले कच्चे मसुदे समजण्याची आपल्याला खोड आहे. पण डिमेट्रोडॉन कांहीं आपण जन्मावें म्हणून जगत नव्हता. स्वतःच्या कण्यावर तो आपल्या काळीं पुरता समर्थ होता. आपल्या पाठीवरून हात फिरवितांना एवढें ध्यानांत राहिलें तरी पुरे.