जीएसची निवडणूक न पाहिलेले विद्यापीठ

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याआधी नांदेड, लातूर, परभणीच्या मुलांना विद्यापीठाचे काम म्हटले की तेव्हाचे औरंगाबाद गाठावे लागे. ती यातायात संपली. पण त्याच वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. म्हणजे आपले विद्यापीठ जन्मले तेच मतपेटीशिवाय. त्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत शिकून गेलेल्या एकाही विद्यार्थ्याने आपला अध्यक्ष किंवा सचिव थेट मताने निवडला नाही.

विद्यापीठाला नाव मात्र स्वामीजींचे. १९३८ साली ते निजामाच्या राजवटीविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांची नावे कमी करण्यात आली. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलनही विद्यार्थ्यांनीच पेटवले. वसमतला गोळीबार झाला. नोकऱ्यांचा आणि विकासाचा प्रश्न राज्याच्या चर्चेत आला तो या मुलांमुळे.

निवडणुका उगाच बंद झाल्या असे मी म्हणणार नाही. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. जीएसच्या निवडणुकीत काठ्या निघत, जातीचे गट पडत, बाहेरचा पैसा येई. कोणता बाप आपला मुलगा अशा धुमश्चक्रीत पाठवील?

पण औषध कोणते दिले ते पाहा. १९९४ च्या कायद्याने वर्गात गुणांनी पुढे असलेला विद्यार्थी प्राचार्यांनी प्रतिनिधी नेमायचा, आणि अशा नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. हुशार मुलाबद्दल तक्रार नाही. परंतु त्याने कोणाकडे मत मागितलेले नसते, त्यामुळे कोणाला जाब देण्याचीही गरज नसते. शिवाय मतदार मूठभर झाले, आणि मूठभर मतदार पळवून सहलीला नेणे सोपे असते. अशा पळवापळवीच्या बातम्या राज्यात वर्षानुवर्षे छापून आल्या. मारामारी नको म्हणून केलेल्या व्यवस्थेचे हे फळ!

राजकारण काही थांबले नाही. ते महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर गेले. निकाल रखडला, शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहात पाणी नाही, की मुले निवेदन घेऊन एखाद्या नेत्याच्या बंगल्यावर जातात. काम झाले की नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर त्यांचे फोटो झळकतात. प्रश्न कधी सुटतोही. पण मुलगा शिकतो तो हात जोडायला. लातूरकडे तर अकरावी-बारावीची दोन वर्षे शिकवण्यांतच जातात. लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनिअर घडवले, याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे मांडणे तिथे कोणत्या तासाला शिकवतात, ते मला सापडले नाही.

एकविसाव्या वर्षी आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभे राहता येते. १९८९ पासून अठराव्या वर्षी लोकसभेला मत देता येते. त्याच तरुणाला वर्गप्रतिनिधी निवडण्याइतकी अक्कल नाही, असे कायदा बावीस वर्षे धरून चालला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये मुहूर्तही ठरला, पण विधानसभेची निवडणूक आली म्हणून तो पुढे ढकलला. मार्च २०२० मध्ये तर कोरोनाने महाविद्यालयेच बंद केली.

गैरप्रकार रोखायचे कसे, याचे उत्तरही २००६ पासून कागदावर आहे. लिंगडोह समितीने उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा घातली, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट घातली, छापील भित्तिपत्रकांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी मान्य केल्या. माझ्या मते आपल्या भागासाठी त्यांत थोडी भर हवी. उमेदवारांची भाषणे वर्गात, तासिकेच्या वेळी व्हावीत. आणि मतदान सकाळी उरकावे. खेड्यांतून येणाऱ्या मुला-मुलींचा, विशेषतः मुलींचा, सगळा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर चालतो. दुपारनंतर पेटी ठेवली तर त्यांची गाडी निघून गेलेली असेल, आणि मत देतील ती फक्त शहरात खोली करून राहणारी मुले.