किमान रकमेचा हिशेब

मी कवितेचा माणूस. 'किमान' हा शब्द मला आजवर गरिबाच्या बाजूचा वाटत आला. किमान वेतन म्हणजे मालकाला त्याखाली जाता येत नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलावरची 'किमान देय रक्कम' मात्र वेगळ्या घरची आहे.

माझी धाकटी बहीण इथे पाथरीतच राहते. तिच्या ऑपरेशनचा खर्च पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने कार्डावर केला. ६०,००० रुपये बाकी राहिली. एके दिवशी त्याचा फोन आला. "मामू, दुसरी बँक ही बाकी तिच्या कार्डावर घेते म्हणते. सहा महिने व्याज नाही. महिन्याला किमान तीन हजार भरायचे. घेऊ का?" मी म्हटले, "कागद पाठव, आधी हिशेब मांडू."

आधी जुन्या कार्डाचे पाहिले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, व्याजावर १८ टक्के जीएसटी. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये. ती भरल्यावर ५७,००० उरतात. त्यावर व्याज व कर मिळून २,३५४ रुपये चढतात. बाकी पुन्हा ५९,३५४! तीन हजार गेले आणि कर्ज उतरले ६४६ रुपयांनी. असेच वर्षभर चालले, तर खिशातून सुमारे ३४,००० जातात आणि बाकी उरते जवळजवळ ५२,७००.

मग नव्या कार्डाकडे वळलो. बाकी हलवण्याचे शुल्क दोन टक्के, त्यावर कर, असे १,४१६ रुपये. म्हणजे सुरुवातच ६१,४१६ पासून. बिनव्याजी सहा महिन्यांत फक्त पाच टक्क्यांनी भरत गेले, तर सातव्या महिन्यात सुमारे ४५,१५० रुपये उरतात आणि साडेतीन टक्के पुन्हा दारात उभे. सवलत संपली, कर्ज तसेच. बाकी पूर्ण फेडायची, तर महिन्याला १०,२३६ रुपये हवेत. किमान रकमेच्या तिपटीहून अधिक.

भाचा गप्प झाला. एवढे त्याच्या पगारात बसत नव्हते. महिना सात हजार जमतील, असे तो म्हणाला. सहा महिन्यांचे ४२,००० झाले, उरले १९,४१६. शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "कापसाची पट्टी आली की ते मी देते. माझ्या दुखण्याचं कर्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर कशाला?" हिशेब जुळला, तो असा दोघांनी मिळून.

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, हा इशारा बिलावर ठळक छापावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगितले. इशारा छापलेला असतो. तो वाचायचा आपण.

म्हणून बाकी हलवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : शुल्क किती, सवलत कोणत्या तारखेला संपते, त्यानंतरचा दर काय. नव्या कार्डावर खरेदी करू नका. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. जुने कार्ड मोकळे झाले म्हणून तेही वापरू नका. किमान रक्कम मात्र कधी चुकवू नका, नाहीतर दंड लागतो.

किमान रक्कम बँक ठरवते. आपली रक्कम आपण ठरवावी. त्यासाठी शाळेतले गणित पुरते : बाकी अधिक शुल्क, भागिले सवलतीचे महिने.